आधी नांगराची जागा, मग निघण्याची वेळ : शिडाच्या बोटीने पहिली किनारी सफर आणि मुक्काम

दिवसभर किनाऱ्याच्या कडेने शिडावर जायचे, संध्याकाळी एखाद्या आडोशाच्या जागी नांगर टाकायचा, रात्र बोटीवरच काढायची आणि सकाळी पुढे निघायचे किंवा परतायचे, ही नवशिक्याची पहिली खरी सफर असते. बंदराच्या तोंडाशी दोन-चार तास फिरून येणाऱ्याला शीड आणि सुकाणू हाताळता येते, परंतु बोट रात्रभर कोठे आणि कशाच्या भरवशावर उभी राहील हा प्रश्न त्याला कधी पडलेला नसतो. पहिल्या सफरीत तोच प्रश्न मुख्य असतो. म्हणूनच या लेखात नियोजनाचा क्रम उलटा ठेवला आहे. आधी नांगराची जागा निवडावी, त्यावरून तेथे पोहोचण्याची वेळ ठरवावी, मग मार्ग आखावा आणि निघण्याची वेळ सर्वांत शेवटी काढावी. बहुतेक नवशिके निघण्याची वेळ आधी ठरवतात आणि पोहोचण्याची वेळ नशिबावर सोडतात. अंधारात अनोळखी खोबणीत, म्हणजे किनाऱ्यात आत शिरलेल्या लहान जागेत, शिरण्याचे प्रसंग बहुधा त्यातूनच येतात.

जागा निवडताना

नकाशावर किनाऱ्याची आत वळलेली रेषा दिसली म्हणजे आडोसा मिळाला, असे नाही. आडोसा नेहमी कशापासून तरी असतो, आणि दोन गोष्टींपासून तो स्वतंत्रपणे तपासावा लागतो: वारा आणि लांब लाट.

वाऱ्याचा विचार पोहोचण्याच्या वेळेपुरता करू नये, तो संपूर्ण रात्रीचा करावा. दिवसा जमीन तापते, त्यामुळे दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. शाळेत शिकलेल्या या दोन ओळींचा नांगरावर अर्थ असा होतो, की दुपारी किनाऱ्याकडे मागचे टोक करून उभी असलेली बोट मध्यरात्री पूर्ण वळून समुद्राकडे मागचे टोक करते, आणि नांगरावरील ओढ नेमकी उलट दिशेने येते. किनारा डोंगराळ असेल तर रात्री थंड झालेली जड हवा दऱ्यांमधून झोताने खाली येते. अशा ठिकाणी उंच डोंगराच्या पायथ्यापेक्षा सखल जमिनीमागचा आडोसा शांत ठरतो, जरी नकाशावर डोंगर अधिक भक्कम वाटत असला तरी.

लांब लाट अधिक फसवी असते. ती दूरच्या वाऱ्याने उठलेली असते, त्यामुळे येथे वारा पडला तरी ती येत राहते. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो आणि ती उथळ भागाकडे वळते. बारा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे २२५ मीटर असते, म्हणजे शंभर मीटरहून अधिक खोलीवरच तिचे वळणे सुरू झालेले असते. भूशिराला वळसा घालून ती आतल्या खोबणीत शिरते ती यामुळे. सहा-सात सेकंदांची आखूड लाट भूशिराबाहेरच राहते, तर लांब लाट तेथेच नांगरलेल्या बोटीला रात्रभर पाळण्यासारखी आडवी डोलवते. लाटांच्या अंदाजात उंचीइतकेच लक्ष या सेकंदांच्या आकड्याकडे द्यावे.

त्यानंतर तळ पाहावा. सागरी नकाशावर खोलीच्या आकड्यांजवळ तळाची आद्याक्षरे छापलेली असतात: एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, आर म्हणजे खडक, डब्ल्यूडी म्हणजे समुद्री गवत. वाळू आणि घट्ट चिखल नांगर चांगला धरतात. गवतावर नांगर नुसता घसरतो, आणि खडकात एक तर तो धरत नाही किंवा असा अडकतो की निघत नाही. समुद्राखालच्या तारा आणि नळ यांच्या रेषांजवळ, तसेच जहाजांच्या वाटेत नांगर टाकू नये. जागेची खोली, उथळपणा आणि आजूबाजूचे खडक पाहताना आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा: रात्री दोन वाजता येथून बाहेर पडावे लागले, तर दिवे नसताना कोणत्या दिशेने सरळ गेल्यास खोल पाणी मिळेल? त्याचे एका ओळीत उत्तर देता येत नसेल तर ती जागा पहिल्या सफरीसाठी नाही.

मुख्य जागेबरोबर एक पर्यायी जागाही निवडावी, आणि ती वेगळ्या दिशेच्या वाऱ्यापासून आडोसा देणारी असावी. एकाच वाऱ्याला उघड्या असलेल्या दोन जागा म्हणजे पर्याय नव्हे.

वेळ उलटी मोजणे

समजा, अंतर २४ सागरी मैल आहे. सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो आणि अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो, म्हणून नकाशावर अंतर मोजताना डाव्या-उजव्या कडेची अक्षांशाची पट्टी वापरावी, आणि तीही आपण जेथे आहोत त्याच उंचीवरची. वरच्या किंवा खालच्या कडेची रेखांशाची पट्टी कधीही वापरू नये. नऊ मीटरच्या सर्वसाधारण बोटीचा सरासरी वेग साडेचार नॉट, म्हणजे तासाला साडेचार सागरी मैल, धरला तर हे अंतर कापायला पाच तास वीस मिनिटे लागतात.

आता भरतीचा प्रवाह. अर्ध्या वाटेत एक नॉटचा प्रवाह विरुद्ध असेल, तर पहिले बारा मैल साडेतीन नॉटने, म्हणजे सुमारे तीन तास पंचवीस मिनिटांत, आणि उरलेले बारा दोन तास चाळीस मिनिटांत होतील; एकूण सहा तास पाच मिनिटे. सूर्यास्त साडेसहाला असेल, तर मी नांगर टाकण्याची वेळ चार धरतो. हे अडीच तास वाया जात नाहीत. त्यात वारा पडतो, पहिली जागा भरलेली निघते, नांगर दोनदा टाकावा लागतो. चारमधून सहा तास पाच मिनिटे वजा केली, आणि दोऱ्या सोडून शिडे वर चढवण्याची चाळीस मिनिटे वजा केली, की निघण्याची वेळ येते सव्वानऊ. येथे पहिल्यांदा घड्याळात सकाळ दिसते. जागा, अंतर, प्रवाह आणि सूर्यास्त यांनी ती ठरवलेली असते.

वारा नेमका समोरून येणार असेल तर हा हिशेब मोडतो. शिडाची बोट सरळ वाऱ्याकडे जाऊ शकत नाही. ती दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस अंशांनी नागमोडी जाते, त्यामुळे अंतर भूमितीनेच १.४ पट होते, आणि लाटांमुळे व बाजूला सरकण्यामुळे व्यवहारात दीडपटीच्या आसपास जाते. चोवीस मैलांचे छत्तीस होतात. अशा दिवशी पहिल्या सफरीसाठी जवळची जागा निवडावी किंवा दिवस बदलावा.

प्रवाह आणि वारा एकमेकांविरुद्ध असतील त्या वेळांवरही खूण करावी. वाऱ्याविरुद्ध वाहणारे पाणी लाटा आखूड आणि उभ्या करते, आणि हे भूशिरांच्या टोकाशी सर्वांत तीव्र असते. भूशिर शक्यतो पाणी थबकण्याच्या वेळी ओलांडावे. मात्र प्रवाह उलटण्याची वेळ किनाऱ्यावरील भरतीच्या वेळेशी जुळतेच असे नाही, म्हणून ती प्रवाहांच्या तक्त्यातून वेगळी पाहावी. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा आणि अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत, प्रवाह जोरात असतो. भांगाच्या भरतीच्या दिवसांत तो मंद असतो आणि नवशिक्याला तेच दिवस बरे.

हवामान आणि मर्यादा

फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याच्या जोराची जी श्रेणी मांडली, तिचेच सुधारित रूप आजही अंदाजांत वापरले जाते. चौथी श्रेणी ११ ते १६ नॉट, पाचवी १७ ते २१, सहावी २२ ते २७. पहिल्या सफरीसाठी चौथ्या श्रेणीची कमाल मर्यादा ठरवावी, आणि ती ठरवताना झोत धरून विचार करावा, कारण अंदाजातला आकडा सरासरी असतो आणि झोत त्याहून बरेच जोराचे असतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: दहा नॉटचा वारा चौदा झाला की शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, वीस झाला की चौपट. लाटांच्या उंचीचा आकडाही असाच समजून घ्यावा. तो सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असतो, आणि एखादी लाट त्याच्या दुप्पट उंचीची येऊ शकते.

एकाऐवजी दोन अंदाज पाहावेत आणि ते जुळत नसतील तर वाईट अंदाज खरा धरावा. निघण्याच्या दिवशी सकाळी ते पुन्हा पाहावेत. रात्री वारा फिरणार असेल तर तो कोणत्या दिशेला फिरेल हे आदल्या दिवसाच्या अंदाजापेक्षा सकाळच्या अंदाजात अधिक स्पष्ट असते.

बोटीची तयारी

हा भाग थोडक्यात आटपतो, कारण यादी प्रत्येक बोटीची वेगळी असते. इंधन असे भरावे की संपूर्ण अंतर इंजिनावर कापूनही एक तृतीयांश उरेल. पिण्याचे पाणी दर माणशी दिवसाला किमान तीन लिटर असावे. लाईफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे, किमान १५० न्यूटनचे (तरंगत ठेवण्याच्या जोराचे हे माप) असावे आणि निघण्यापूर्वी धक्क्यावरच घालून पट्टे बसवलेले असावेत. व्हीएचएफ या रेडिओ संचावर चॅनेल १६ ऐकू येते का, हे तपासावे. त्याची वारंवारता १५६.८ मेगाहर्ट्झ असते आणि समुद्रावरील संकटाची हाक त्यावरच दिली जाते. ती हाक कशी द्यायची, म्हणजे ‘मेडे’ तीनदा, बोटीचे नाव, अक्षांश-रेखांश, संकटाचे स्वरूप आणि माणसांची संख्या, हे कागदावर लिहून संचाजवळ चिकटवावे. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, वाचता मात्र येते.

किनाऱ्यावरील एका विश्वासू माणसाकडे मार्ग, दोन्ही जागांची नावे, पोहोचण्याची अपेक्षित वेळ आणि किती उशीर झाल्यावर मदत मागायची ती वेळ लिहून द्यावी. बोट लागणाऱ्याने गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.

नांगराच्या साखळीचे शेवटचे टोक बोटीला बांधलेले आहे ना, हे स्वतः खाली उतरून पाहावे. ते कडीने न बांधता मजबूत दोरीने बांधावे, आणि ती दोरी साखळी संपल्यावर डेकपर्यंत यावी एवढी लांब असावी, म्हणजे अगदीच वेळ आली तर ती सुरीने कापता येते. साखळीवर दर पाच मीटरला रंगाची खूण असावी. या खुणा नसतील तर पुढे सांगितलेला सगळा हिशेब निरर्थक होतो, कारण किती साखळी सोडली हेच कळत नाही.

वाटेत

बंदराबाहेर, पुरेशा मोकळ्या पाण्यात, बोटीचे नाक वाऱ्याकडे करून मुख्य शीड चढवावे, मग पुढचे शीड उघडून इंजिन बंद करावे. वारा वाढण्याची शक्यता असेल तर शीड पहिल्या रीफने, म्हणजे खालचा पट्टा गुंडाळून बांधून, आखडूनच चढवावे. शांत पाण्यात रीफ सोडणे दोन मिनिटांचे काम आहे, उसळत्या पाण्यात ते घेणे तसे नाही. बोट एका बाजूला फार कलू लागली, सुकाणू जड झाले आणि बोट आपोआप वाऱ्याकडे वळू लागली, की शीड जास्त आहे असे समजावे. ते कमी केले की वेग बहुधा घटत नाही, उलट बोट सरळ उभी राहिल्याने वाढतो. वारा मागून घेऊन जाताना मात्र फसगत होते: बोट वाऱ्याबरोबर पळत असल्याने अंगाला वारा कमी जाणवतो, आणि वळल्यावर एकदम खरा जोर कळतो.

दर तासाला नकाशावर आपली जागा टिपावी आणि शेजारी वेळ, दिशा, कापलेले अंतर व खोली लिहावी. पडद्यावर ठिपका दिसत असताना हे जुनाट वाटते, पण वीज गेली तर शेवटची टिपलेली जागा जास्तीत जास्त एक तास जुनी असते, आणि तेथून होकायंत्र व घड्याळावर पुढे जाता येते. होकायंत्राजवळ मोबाइल, चाव्या किंवा स्पीकर ठेवू नये. सुई त्यांच्याकडे वळते. किनाऱ्याच्या फार जवळूनही जाऊ नये. समुद्राकडून किनाऱ्याकडे वारा असेल तेव्हा इंजिन बंद पडले तर शिडे सावरायला आणि दूर जायला जागा लागते, आणि किमान एक मैलाचे अंतर ती जागा देते.

टक्कर टाळण्याचे नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारातले आहेत आणि जुलै १९७७ पासून लागू आहेत. त्यातले तीन या सफरीत रोज लागतात. दोन शिडाच्या बोटी वेगवेगळ्या बाजूंनी वारा घेत असतील, तर डाव्या बाजूने वारा घेणारीने वाट द्यायची. एकाच बाजूने घेत असतील, तर वाऱ्याकडच्या बोटीने द्यायची. आणि अरुंद जलमार्गात, जेथे मोठ्या जहाजाला दुसरीकडे वळायला खोली नसते, तेथे शिडाच्या बोटीने किंवा वीस मीटरहून लहान बोटीने त्याला अडथळा करायचा नाही. शिडे वर असतानाही इंजिन चालवून जात असाल तर नियमांच्या दृष्टीने तुम्ही इंजिनाची बोट असता. शिडाचा हक्क तेथे संपतो.

समुद्रपातळीपासून डोळे दोन मीटर उंच असतील तर क्षितिज जेमतेम तीन मैलांवर असते. त्यापलीकडे उंच जहाजाचा वरचा भाग आधी दिसतो, पण अठरा नॉटने येणारे जहाज सहा मैल वीस मिनिटांत कापते. म्हणून दिसलेल्या प्रत्येक जहाजाची दिशा हातातल्या होकायंत्राने दोन-तीन मिनिटांच्या अंतराने पाहावी. अंतर कमी होत असून दिशा बदलत नसेल तर टक्कर होणार आहे. वळायचे तर लवकर आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल इतके मोठे वळावे. पाच-पाच अंशांची लाजरी वळणे कोणाला कळत नाहीत.

आत शिरताना

मुक्कामाच्या जागेपासून एक-दोन मैलांवर असतानाच शिडे उतरवून इंजिन सुरू करावे. अनुभवी लोक शिडावर आत शिरून नांगर टाकतात आणि ते पाहायला देखणे असते, परंतु पहिल्या वेळी त्याची गरज नाही. नकाशा पुन्हा एकदा मोठ्या प्रमाणात उघडून पाहावा, कारण पडद्यावरचा नकाशा लहान केला की काही खडक दिसेनासे होतात. काठावरील दोन ठळक वस्तू, समजा एक मनोरा आणि त्यामागचा टेकडीचा माथा, एका रेषेत ठेवून आत जाता येत असेल तर तशी रेषा आदल्या रात्रीच आखून ठेवावी. त्या दोन वस्तू एकमेकींपासून सरकू लागल्या की आपण वाहवत आहोत हे लगेच कळते. पडद्यावरच्या ठिपक्यापेक्षाही लवकर.

बोयांचे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे, रंग कोणत्या बाजूला ठेवायचे हे जगात सर्वत्र सारखे नाही. समुद्राकडून आत येताना बहुतेक देशांत लाल बोया डाव्या हाताला राहतो. अमेरिका खंडांत, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये तो उजव्या हाताला राहतो. सूर्य समोर आणि खाली असेल तर पाण्याखालचा उथळ भाग दिसत नाही, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड करून उशिरा शिरण्याचे टाळावे.

नांगर

आपल्या भाषेत शेतातल्या आणि बोटीच्या नांगराला एकच शब्द आहे, आणि तो फार समर्पक आहे. शेतातला नांगर जमिनीला जवळजवळ समांतर ओढला तर फाळ आत शिरतो. तोच वर उचलून ओढला तर तो नुसता ओरखडे काढतो. समुद्रातही तेच होते. नांगर त्याच्या वजनाने बोट धरत नाही, तो तळात रुतून धरतो, आणि रुतण्यासाठी ओढ आडवी लागते. लांब साखळीचे काम ती ओढ आडवी ठेवण्याचे आहे. १९३३ मध्ये जेफ्री इंग्रॅम टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने ज्या सीक्यूआर नांगराचे पेटंट घेतले, त्याचा आकारही शेतातल्या फाळासारखाच आहे. ही तीन अक्षरे इंग्रजीत भरभर उच्चारली की ‘सुरक्षित’ या अर्थाचा शब्द ऐकू येतो. दोन सपाट पात्यांचे डॅनफोर्थ जातीचे नांगर वाळूत आणि चिखलात फार घट्ट धरतात, पण ओढ उलटली की कधी कधी निघून येतात आणि पात्यांमध्ये दगड अडकला तर पुन्हा रुतत नाहीत. मतलई वाऱ्याने बोट वळणार असेल तर हे लक्षात ठेवावे.

साखळी किती सोडायची याचा हिशेब उदाहरणानेच कळतो. समजा, आपण दुपारी चारला पोहोचलो. भरतीच्या तक्त्यानुसार पूर्ण भरती साडेपाचला ३.४ मीटर, ओहोटी रात्री ११.४० ला ०.६ मीटर आणि पुढची भरती पहाटे सहाच्या सुमारास ३.६ मीटर आहे. पाणी सहा तासांत समान गतीने चढत-उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा एक बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा साधारण नियम आहे. या भरतीची चढ २.८ मीटर आहे आणि पूर्ण भरतीला दीड तास उरला आहे, म्हणजे शेवटचा एक हिस्सा आणि त्याआधीच्या दोनांतला एक, असे दोन बारांश, जवळपास अर्धा मीटर, चढायचे बाकी आहे. चार वाजता पाण्याची उंची त्यामुळे २.९ मीटर.

खोलीमापक आत्ता पाण्याच्या पृष्ठभागापासून ५.५ मीटर दाखवतो आहे. रात्रीच्या ओहोटीला पाणी २.३ मीटरने उतरेल आणि खोली ३.२ मीटर राहील. बोटीचा पाण्याखालचा भाग १.६ मीटर असेल तर तळाशी १.६ मीटर पाणी उरते. शांत जागेसाठी ते पुरेसे आहे. पहाटे पाणी आत्तापेक्षा ०.७ मीटरने वर असेल, म्हणजे खोली ६.२ मीटर. साखळीचा हिशेब या सर्वांत मोठ्या खोलीवर करायचा, आणि त्यात बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवायची. ती एक मीटर धरली तर ७.२. पूर्ण साखळी असेल तर याच्या पाचपट, म्हणजे ३६ मीटर सोडावी. थोडी साखळी आणि पुढे दोरी असेल तर सातपट, म्हणजे सुमारे ५० मीटर, कारण दोरी हलकी असते आणि तिची ओढ लवकर वर उचलली जाते.

खोलीमापक काही बोटींवर कीलखालची, म्हणजे बोटीच्या बुडाशी असलेल्या खोल पात्याखालची, खोली दाखवतो, काहींवर यंत्रापासूनची आणि काहींवर पृष्ठभागापासूनची. आपला कोणती दाखवतो हे धक्क्यावर असतानाच वजन बांधलेल्या दोरीने मोजून पाहावे. आम्ही एका सुरुवातीच्या सफरीत हे गृहीत धरले होते, आणि भरतीच्या पाण्यात उंच उभी असलेली बोट पहाटे तीनला हळूच एका अंगावर कलली. तळ चिखलाचा होता, म्हणून पुढची भरती येईपर्यंत तिरके बसून राहण्यापलीकडे काही घडले नाही.

जागा ठरली की त्याभोवती इंजिनाच्या मंद वेगाने एक पूर्ण फेरी मारून खोली पाहावी. बोट कोणत्या वर्तुळात फिरेल हे आधी ठरवावे: ३६ मीटर साखळी आणि नऊ मीटर बोट मिळून त्रिज्या सुमारे ४५ मीटर होते, आणि ती ओहोटीला सर्वांत मोठी असते. या वर्तुळात दुसरी बोट, खडक किंवा उथळ भाग येता कामा नये. आधी आलेल्या बोटीचा हक्क पहिला. तिच्यावरील लोकांना किती साखळी सोडली आहे असे विचारण्यात कमीपणा नाही. त्यांची बोट साखळीवर आणि आपली दोरीवर असेल तर दोन्ही वेगवेगळ्या फिरतात.

आता प्रत्यक्ष कृती. इतर बोटींची नाके जिकडे आहेत तिकडे तोंड करून मंद गतीने ठरलेल्या बिंदूवर यावे आणि बोट पूर्ण थांबू द्यावी. ती किंचित मागे सरकू लागली की नांगर खाली सोडावा, फेकू नये. तो तळाला लागला की बोट मागे जाईल तेवढीच साखळी सोडत जावी, म्हणजे ती नांगरावर ढिगासारखी न पडता तळावर लांब पसरते. खोलीच्या तिप्पट साखळी गेल्यावर क्षणभर धरून ठेवावी, नाळ ओढीकडे वळते का ते पाहावे आणि उरलेली सोडावी. मग इंजिन उलटे घालून आधी अगदी हळू आणि हळूहळू मध्यम जोरापर्यंत न्यावे. हा जोर एकदम दिला तर नांगर रुतण्याआधीच उखडतो.

या वेळी बोटीच्या बाजूला काठावरील दोन वस्तू एका रेषेत धराव्यात. त्या स्थिर राहिल्या तर नांगराने धरले आहे; सरकत असतील तर नांगर घसरतो आहे. नाळेवरच्या माणसाने ताणलेल्या साखळीवर हात ठेवला तर तेही कळते: धरलेली साखळी ताठ आणि शांत असते, घसरणाऱ्या नांगराची साखळी हाताखाली थरथरते. घसरला तर आणखी साखळी सोडून पाहावी, आणि तरीही धरत नसेल तर संकोच न करता उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकावा. तीनदा टाकावा लागला तर तीनदा. आजूबाजूच्या बोटींवरून लोक पाहत असतात आणि नवशिक्याला त्याचीच जास्त लाज वाटते, पण त्या सर्वांनी हे केलेले असते.

नांगर धरल्यावर साखळीचा ताण ती वर ओढणाऱ्या यंत्रावर ठेवू नये. एक नायलॉनची दोरी साखळीला हुकाने अडकवून डेकवरच्या खुंटीला बांधावी आणि त्यापुढे थोडी साखळी सैल सोडावी. नायलॉन ताणते, त्यामुळे झोताचा आणि लाटेचा धक्का तीच सोसते, आणि रात्री पुढच्या बिछान्यावर झोपलेल्याला साखळीचा खडखडाटही ऐकू येत नाही.

रात्र

अंधार पडण्यापूर्वी सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावावा. दिवसा बोटीच्या पुढच्या भागात काळा गोळा लावायचा असतो. प्रवासाचे लाल-हिरवे दिवे नांगरावर असताना बंद ठेवावेत. सात मीटरहून लहान बोटीला जलमार्ग, नांगराची जागा किंवा वर्दळीचे पाणी यांपासून दूर असल्यास सूट आहे, पण मी ती घेणार नाही.

काठावरच्या दोन-तीन वस्तूंची होकायंत्रावरील दिशा लिहून ठेवावी, आणि त्या वस्तू अंधारातही दिसणाऱ्या, म्हणजे दिवे असलेल्या निवडाव्यात. मोबाइलवरील नांगराचा गजर लावताना त्याचा मध्यबिंदू नांगर टाकला त्या जागी ठेवावा, बोट आत्ता आहे तेथे नव्हे. नाहीतर मतलई वाऱ्याने बोट वळताच तो उगाच वाजतो, लोक तो बंद करून झोपतात, आणि पुढच्या वेळी खरेच घसरले तर कळत नाही. प्रवाह उलटतो आणि वारा फिरतो त्या वेळी, या उदाहरणात मध्यरात्रीच्या सुमारास, एकाने उठून पाहावे. सुकाणूजवळ टॉर्च, इंजिनाची चावी आणि बाहेर पडण्याची लिहिलेली दिशा ठेवावी. लहान होडी उचलून डेकवर घ्यावी, मागे पाण्यात सोडू नये.

वारा खोबणीत शिरू लागला आणि मागे किनारा आला, तर वाट पाहू नये. लाटा उठल्यावर साखळी वर घेणे कठीण होत जाते, म्हणून बाहेर पडण्याचा निर्णय पहिल्या अर्ध्या तासात घ्यावा.

सकाळी

निघताना इंजिन आधी सुरू करून दोन मिनिटे चालू द्यावे आणि मगच साखळीला हात लावावा. बोट साखळी ओढून पुढे नेऊ नये; इंजिनाने हळूहळू पुढे जावे आणि सैल पडेल तेवढीच साखळी वर घ्यावी. साखळी सरळ खाली उभी आली की ती क्षणभर अडकवून ठेवावी, म्हणजे बोटीच्या हलण्यानेच नांगर सुटतो. तो वर येताना नाळेवरील माणसाने दिशा बोटाने दाखवावी, कारण इंजिनाच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही. नांगराला काय लागून आले आहे ते धुण्याआधी पाहावे: राखाडी घट्ट चिखल, वाळूचे चार कण की गवताची जुडी. त्याबरोबरच नांगर पडलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश, सोडलेली साखळी, रात्री वारा कोणत्या वेळी फिरला आणि लांब लाट कोठून आत आली, एवढे लॉगबुकात लिहावे आणि मग मुख्य शिडाची दोरी हातात घ्यावी.